घाटातली उलटी गाडी आणि आमच्या हॉलमधला गणपती

गेल्या गणपतीत आम्ही घरी बोरघाटाचा देखावा केला होता. आठ फूट बाय तीन फुटाचं प्लायवूड, त्यावर पुठ्ठा आणि कागदाच्या लगद्याचे डोंगर, दोन बोगदे, आणि डाव्या कोपऱ्यात रिव्हर्सिंग स्टेशन. म्हणजे गाडी खालून चढत येते, कड्याच्या टोकाशी थांबते, इंजिन सुटतं, बाजूच्या रुळावरून मागच्या टोकाला जाऊन लागतं आणि मग गाडी उलट्या तोंडाने पुढचा चढ चढायला लागते. दर्शनाला आलेल्या आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी दोन-तीन फेऱ्या नीट बघितल्या, प्रसाद हातात घेतला आणि म्हणाले, "सगळं झकास जमलंय रे, पण ही गाडी मधेच उलटी काय जाते? असं कुठे असतं का? जागा पुरली नाही म्हणून केलंस ना?"

काकांचं अगदी बरोबर होतं, जागा पुरली नाही म्हणूनच केलं होतं. पण खऱ्या घाटातही ते त्याच कारणासाठी केलेलं होतं, आणि हे त्यांना सांगेपर्यंत आरतीची वेळ झाली, त्यामुळे ते बोलणं अर्धवट राहिलं. तेव्हापासून डोक्यात होतं की एकदा हे सविस्तर लिहायचं.

तर बोरघाट. खालून लोणावळ्यापर्यंत पंचवीस-एक किलोमीटरमध्ये रेल्वेला सुमारे साडेपाचशे मीटर चढायचं होतं. चढ काही ठिकाणी १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. १८६३ साली हा घाट सुरू झाला तेव्हा खंडाळ्याच्या खाली एका जागी अशी अडचण होती की डोंगराच्या सोंडेवर गाडी वळवायला पुरेशी जागाच नव्हती. मग इंजिनियर लोकांनी काय केलं, तर रूळ सरळ कड्याच्या टोकापर्यंत नेले, तिथे स्टेशन केलं आणि गाडीची दिशाच उलटी केली. इंग्रजी व्ही अक्षरासारखं. एका पायाने वर यायचं आणि दुसऱ्या पायाने आणखी वर जायचं. पुढे विजेची इंजिनं आली, १९२९ च्या सुमारास नवीन बोगदे काढून रूळ दुसरीकडून नेले आणि हे स्टेशन बंद झालं. एक्स्प्रेसवेवर जिथे अमृतांजन पूल होता (तो १८३० चा जुना रस्त्याचा पूल २०२० मध्ये पाडला) त्याच भागात हे स्टेशन होतं. आपण सगळे तिथून शेकडो वेळा गाडीने गेलोय, ट्रॅफिकमध्ये अडकून तासन्तास बसलोय, आणि शेजारीच जगातली एक इतकी भारी जागा होती हे कितीजणांना माहीत असतं?

आता माझ्या प्लायवूडचा हिशोब बघा. आठ फूट म्हणजे साधारण २४४ सेंटीमीटर. त्याला ३७ ने भागलं की येतात साडेसहा सेंटीमीटर. म्हणजे खऱ्या घाटाचा चढ ठेवला तर या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी जेमतेम साडेसहा सेंटीमीटर वर जाते, आणि एचओ स्केलमध्ये (१:८७, म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाचं मॉडेल) एका रुळावरून दुसरा रूळ पुलाने न्यायचा असेल तर गाडीची उंची आणि पुलाची जाडी धरून साडेसात-आठ सेंटीमीटर तरी लागतात. म्हणजे सरळ गेलो तर पूल होतच नाही. वळवून आणायचं तर तीन फुटाच्या रुंदीत लांब डबे वळत नाहीत, रुळावरून उतरतात. दोन महिने मी या गणितापाशी अडकलो होतो, रोज ऑफिसमधून आलो की जेवण झाल्यावर कागद आणि पेन्सिल. आणि एका रात्री घाटाचा जुना नकाशा बघताना एकदम ट्यूब पेटली की अरे, दीडशे वर्षांपूर्वी ते लोक याच गणितापाशी अडकले होते आणि त्यांनी त्याचं उत्तर काढून ठेवलंय! उलटवा गाडी. एका पायावर साडेसहा सेंटीमीटर, दुसऱ्यावर परत तेवढेच, झाले तेरा.

त्या दिवसापासून मी रेल्वेतल्या विचित्र जागा वेगळ्या नजरेने बघायला लागलो. मॉडेल रेल्वेवाल्या लोकांमध्ये एक बोलणं कायम चालतं, की तुम्ही तुमच्या लेआउटवर, म्हणजे घरी मांडलेल्या छोट्या रेल्वेवर, कितीही वेडंवाकडं काही करा, खऱ्या रेल्वेत ते कुठेतरी कोणीतरी आधीच केलेलं सापडतं. मला वाटतं याचं कारण सोपं आहे. रेल्वेत विचित्र गोष्टी कोणी हौस म्हणून करत नाही. जागा नसते, पैसे नसतात, मधे नदी येते, कडा येतो, तेव्हा माणूस डोकं लढवतो. आणि पुण्यातल्या टू बीएचकेत लेआउट करणाऱ्याकडे तरी दुसरं काय असतं, जागा नसते आणि पैसे नसतात. म्हणून सरळसोट दोन रुळांची मेन लाइन करण्यापेक्षा या विचित्र जागाच आपल्या जास्त कामाच्या आहेत असं माझं ठाम मत झालंय.

माझा या सगळ्यातला पहिला धडा म्हणजे दिवाळीतला किल्ला. वाड्यात राहायचो तेव्हा दगड, विटा, पोत्याचं कापड आणि वरून चिखल, त्यावर हळीव आणि मोहरी पेरायची, चार दिवसांत हिरवंगार. आजही लेआउटवर डोंगर करताना हात तसेच चालतात, कडा कुठे तुटका ठेवायचा, पायवाट कुठून काढायची, हे सगळं किल्ल्यानेच शिकवलं. आणि दुसरा धडा कर्वे रस्त्याजवळचं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम. भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं, १९९८ ला सुरू झालं. बाबा मला पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा मी शाळेत होतो, आणि गाड्यांपेक्षा मी बघत होतो ते खालचे सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे हलते रूळ. एक गाडी निघून गेली की सांधा आपोआप हलायचा आणि दुसरी गाडी दुसऱ्या रुळावर जायची. घरी येताना बाबांना इतके प्रश्न विचारले की शेवटी ते म्हणाले, पुढच्या वेळी तुला मुंबईच्या गाडीत दारापाशी उभं करतो, खरा सांधा बघ.

आणि त्यांनी शब्द पाळला. लोणावळ्यावरून गाडी सुटली की घाट उतरायला लागतो आणि मंकी हिलला गाडी थांबते. मला आधी वाटायचं माकडांना बघायला थांबते. बाबांनी पुढे बोट दाखवलं. तिथे रूळ फुटतात, एक फाटा खाली बोगद्याकडे जातो आणि दुसरा डोंगरावर चढतो आणि तिथेच संपतो. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. गंमत अशी की सांधा नेहमी त्या संपणाऱ्या फाट्याकडेच लावलेला असतो! गाडी थांबली, म्हणजे ब्रेक शाबूत आहेत हे सिद्ध झालं, की मग सांधा मुख्य लाइनकडे फिरवतात आणि सिग्नल देतात. आणि ब्रेक गेलेली गाडी सुसाट आली तर ती आपोआप चढाच्या फाट्यावर जाते, चढता चढता तिचा वेग मरतो. खाली ठाकूरवाडीलाही असंच. मला ती कल्पना तेव्हा इतकी आवडली होती की काय सांगू. म्हणजे गाडीने आधी दाखवून द्यायचं की मी थांबू शकते, तरच वाट मिळणार.

अजून एक जवळून बघण्यासारखी गोष्ट आहे तिथे. मुख्य लाइनचा रूळ वरून आरशासारखा चकचकीत असतो कारण रोज त्यावरून चाकं जातात. सायडिंगचा रूळ वरूनही तपकिरी, गंजलेला, मधे गवत, खडीवर धूळ बसलेली. ज्या रुळावरून कोणी जाऊ नये अशीच सगळ्यांची इच्छा असते त्याचा रंग असाच असणार. मी लेआउटवर सायडिंग केली तेव्हा पहिल्यांदा रूळ तसाच चकचकीत ठेवला होता आणि काहीतरी चुकतंय असं सारखं वाटत होतं, मग ब्रशने पातळ गेरूचा रंग दिला आणि एकदम मंकी हिल दिसायला लागलं.

उलट्या दिशेला, मुंबईहून पुण्याला येताना, कर्जतला मागून बँकर लागतात. जास्तीची इंजिनं, गाडीला ढकलायला. वडापाव हातात असतो आणि मागून एक हलका धक्का बसतो, तो बँकर लागल्याचा. लेआउटवर पुढे एक आणि मागे एक इंजिन एकाच वेगाने चालवणं किती अवघड आहे हे ज्याने केलंय त्यालाच कळेल, मागचं जरा जरी जोरात गेलं तरी मधले हलके डबे वळणावर रुळावरून उचलले जातात. शेवटी मी मधल्या डब्यांच्या तळाला शिशाचे छोटे तुकडे चिकटवले, तेव्हा कुठे जमलं.

घाटाच्या विजेच्या इंजिनांमध्ये माझं सगळ्यात लाडकं म्हणजे खेकडा. १९२८-२९ च्या सुमारास आलेलं मालगाडीचं इंजिन, पुढे डब्ल्यूसीजी-१ नाव पडलं, पण रेल्वेतली माणसं त्याला खेकडाच म्हणायची. मधे ड्रायव्हरची खोली आणि दोन्ही बाजूंना लांब नाकं, वळणावर ते इंजिन तीन भागांत वाकायचं. त्या काळच्या विजेच्या मोटारी इतक्या मोठ्या की चाकांच्या मधे बसायच्याच नाहीत, म्हणून मोटार वर आणि तिथून दांड्यांनी चाकं फिरवायची, वाफेच्या इंजिनासारखी. विजेचं इंजिन आणि बाजूला दांड्या हलतायत! एकूण ४१ होती. एक दिल्लीच्या रेल म्युझियममध्ये आहे, एक सीएसएमटीला ठेवलंय. मी पितळी पट्टीतून त्याच्या दांड्या कापायला घेतल्यात, दोन वेळा वाकल्या, आता तिसरा सेट चालू आहे, यंदा होईलच.

आता माझे आजोबा बार्शीचे. त्यामुळे आमच्या घरात बार्शी लाइट रेल्वेचं नाव कायम निघायचं. कुर्डुवाडी ते बार्शी, १८९७ ला सुरू झाली, अडीच फुटी नॅरो गेज (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. आषाढीला वारकरी डब्यांच्या टपावरसुद्धा बसायचे, आजोबा सांगायचे की लांबून बघितलं तर डबा दिसायचाच नाही, नुसती माणसं आणि पताका सरकताना दिसायच्या. ही रेल्वे ज्याने बांधली तो एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनियर, याच्याबद्दल वाचायला लागलो आणि मी थक्क झालो. त्याचा सिद्धांत असा की लहान गेजलाही मोठं काम करता येतं, फक्त प्रत्येक आसावर सारखं वजन टाका, पाच टनांच्या वर नको, म्हणजे हलके रूळ चालतात आणि पैसे वाचतात. बार्शीत हे यशस्वी झाल्यावर त्याने इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरला लीक अँड मॅनिफोल्ड नावाची छोटी रेल्वे केली, १९०४ ला. आणि तिथली इंजिनं बार्शीच्या इंजिनांवरून बेतलेली! पुढे भले मोठे हेडलॅम्प, जे इंग्लंडमधल्या त्या छोट्याशा दरीत कोणालाच नको होते. म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्यातली कल्पना बोटीने उलटी इंग्लंडला गेली. नेहमी आपण ऐकतो की तिकडून इकडे आलं, इथे गंगा उलटी वाहिलीय आणि मला याचा फार अभिमान वाटतो.

त्या मॅनिफोल्डवर आणखी एक अफलातून प्रकार होता. दुधाचे आणि मालाचे मोठ्या गेजचे डबे जंक्शनला यायचे, माल उतरवून परत भरायचा खटाटोप नको म्हणून अख्खा मोठा डबाच छोट्या गेजच्या सपाट वाघिणीवर चढवायचे. डब्यावर डबा. छोटं इंजिन पुढे आणि मागे त्याच्यापेक्षा मोठा डबा दुसऱ्या डब्याच्या पाठीवर बसलेला. १९३४ ला ती लाइन बंद झाली, आता तिथे लोक सायकली चालवतात. लेआउटवर हे ठेवलं तर बघणारा हमखास म्हणणार, असं कुठे असतं का!

इथे मॉडेलवाल्यांसाठी कामाची गोष्ट सांगतो. आपलं ब्रॉड गेज १६७६ मिलिमीटर, एचओमध्ये ते १९.३ व्हायला पाहिजे. पण बाजारात मिळणारा एचओचा रूळ १६.५ चा, तो परदेशी गेजच्या मापाचा. म्हणून आपले भारतीय डबे त्यावर ठेवले की समोरून पाय जवळ घेतल्यासारखे दिसतात, आणि एकदा दिसलं की ते डोळ्यांतून जात नाही. पण बार्शीचं गेज ७६२, त्याला ८७ ने भागा, पावणेनऊ. आणि एन स्केलचा (एचओहून छोट्या मॉडेलचा) तयार रूळ ९ मिलिमीटरचा मिळतो! म्हणजे नॅरो गेज करायला घेतलं तर माप जवळजवळ तंतोतंत बसतं, आणि वळणंही लहान चालतात. महाराष्ट्रात बार्शी होती, मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला होती, एवढं सगळं सोडून आपण परदेशी गाड्या का फिरवत बसतो मला खरंच कळत नाही.

जागेच्या अडचणीवरून आठवलं, जर्मनीत वुपरटाल गावात दरी इतकी अरुंद की रस्ता, घरं आणि नदी यातच संपली, मग त्यांनी १९०१ मध्ये रेल्वे नदीच्या वर टांगली, उलटी लटकणारी गाडी, आजही रोज लोक कामाला तिनेच जातात. १९५० मध्ये एका सर्कसने जाहिरातीसाठी टफी नावाच्या हत्तिणीच्या पिल्लाला त्यात बसवलं, ते घाबरलं आणि खिडकी तोडून थेट खाली नदीत पडलं, आणि थोडं खरचटण्यापलीकडे त्याला काही झालं नाही. इंग्लंडमध्ये ब्रायटनला मॅग्नस व्होल्कने १८९६ ला समुद्रातून चालणारी रेल्वे केली, रूळ पाण्याखाली आणि डबा सात मीटर उंच खांबांवर, समुद्रात चालते म्हणून त्यावर कॅप्टन आणि लाइफबोट ठेवायला लागायची. न्यूझीलंडला गिसबर्नमध्ये रेल्वे चक्क विमानतळाच्या धावपट्टीला आडवी जाते. आणि आपलं नवापूर आहेच, स्टेशन आधी झालं, राज्यं १९६० ला झाली, आता एकाच बाकड्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती आयर्लंडमधली लिस्टोवेल ते बॅलीब्युनियनची एका रुळाची रेल्वे, १८८८ ते १९२४. कमरेएवढ्या उंचीच्या तिकाटण्यांवर एकच रूळ, आणि गाडी त्यावर खोगिरासारखी दोन्ही बाजूंना लोंबणारी. इंजिनाला बॉयलरसुद्धा दोन, डावीकडे एक उजवीकडे एक. दोन्ही बाजूंना वजन सारखं नसेल तर चालणारच नाही. तिथली गोष्ट सांगतात की एकाला पियानो न्यायचा होता, मग दुसऱ्या बाजूला तोल साधायला गाय चढवली. पियानो पोचला. आता गाय परत कशी आणायची? तर तिच्या समोरच्या बाजूला दोन वासरं. आणि वासरं परत आणताना एक इकडे, एक तिकडे. माझ्या मुलीने ही गोष्ट ऐकल्यावर महिनाभर जेवताना ताटात पोळी आणि वाटी समोरासमोर ठेवून वजन जुळवलं.

आपल्याकडे पतियाळालाही एका रुळाची रेल्वे होती, १९०७ ची, एक रूळ रस्त्याच्या कडेला आणि तोल सावरायला एक मोठं चाक रस्त्यावरून चालायचं, बरेचदा खेचरं ओढायची. तिचं इंजिन दिल्लीच्या म्युझियममध्ये दुरुस्त करून ठेवलंय, बघाच.

आता परत आमच्या घाटाकडे येतो. यंदाच्या गणपतीसाठी मी त्यात दोन गोष्टी वाढवल्या. एक म्हणजे रिव्हर्सिंग स्टेशनवर छत्री घेतलेली एक बाई उभी केली, दोन सेंटीमीटरची. ती अ‍ॅलिस ट्रेडवेल. घाटाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ ला इथे आला आणि थोड्याच आठवड्यांत वारला, मग त्याच्या बायकोने माणसं हाताशी धरून तो ठेका पुढे चालवला. हा घाट खणताना हजारो मजूर गेले, पटकीने, तापाने, अपघाताने, त्यांची नावं कुठे मिळत नाहीत, म्हणून तिच्या शेजारी पाट्या-फावडी घेतलेली माणसंही केलीत, लगद्याचीच. मुलीने त्यांचे फेटे रंगवले, प्रत्येकाचा वेगळा.

दुसरी गोष्ट, कॅच सायडिंग खरी चालणारी केली. सांध्याखाली छोटी सर्व्हो मोटर, घाटाच्या बाजूने गाडी येऊन वीस सेकंद थांबली की सेन्सर सांगतो आणि सांधा मेन लाइनकडे फिरतो, नाहीतर तो सायडिंगकडेच. सायडिंगच्या टोकाला रुळांमधे फोमची पट्टी. हे सगळं लावून झालं आणि तरी मला कधी खरंच उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तेच काका परत आले, नातवाला घेऊन. गाडी वर चढत होती, आणि तिसऱ्या डब्याची कपलिंग सुटली. मागचे दोन डबे एक क्षण थांबले आणि मग उतारावर मागे घरंगळायला लागले, बोगद्यातून बाहेर आले तेव्हा चांगलाच वेग होता, खाली सोफा आणि त्याच्याखाली फरशी. माझा हात पोचणारच नव्हता. डबे सांध्यावर खटखट आवाज करत गेले, सायडिंगला वळले, गंजक्या रुळावर चढले, फोमला टेकले आणि थांबले. मग जरासे मागे येऊन स्थिर झाले.

काका खाली वाकून ते डबे बराच वेळ बघत राहिले. मग नातवाला म्हणाले, "हे मंकी हिलला असतं, आपण जाऊ तेव्हा दाखवतो तुला," आणि मला विचारलं, "आता इंजिन आणून ते परत जोडून दाखवतोस का?"